आजींसाठी बेसिकच

“यूज काय आहे, मॅडम?” दुकानातल्या मुलाने विचारलं आणि मला पटकन उत्तर देता येईना.

डिसेंबरातला शनिवार होता. ठाण्यातल्या गोखले रोडच्या आतल्या गल्लीतलं कॉम्प्युटरचं दुकान, इतकं अरुंद की एक गिऱ्हाईक बाहेर पडल्याशिवाय दुसऱ्याने आत शिरू नये. भिंतीवर काचेच्या कॅबिनेटांची रांग, आत लाल-निळे-हिरवे दिवे आणि फिरणारे पंखे, थेट गणपतीच्या मखरासारखे. काउंटरपलीकडचा मुलगा बावीस-तेवीसचा असेल. मी म्हणाले, घरीच वापरायचाय... थोडं ऑफिसचं, थोडे फोटो, टॅक्सचं काहीबाही. बोलता बोलताच मला कळत होतं की यातलं सगळं मी फोनवरही करते. तो मान डोलवत होता, पण लिहून काही घेत नव्हता. मग त्याची नजर माझ्या मागे स्टुलावर बसलेल्या आईकडे गेली. “आजी पण वापरणार? मग काय, आजींसाठी बेसिकच लागेल ना. यूट्यूब, भजनं, व्हिडिओ कॉल.” मी म्हणाले, “हो, बेसिकच.” आई काहीच बोलली नाही. जांभळी नाक्यावर घेतलेल्या मेथीची जुडी पिशवीतून बाहेर आली होती, ती तिने नीट आत सरकवली आणि फिरत्या पंख्यांकडे बघत बसली.

ते ‘हो’ मला मानपाड्यापर्यंत रिक्षाभर टोचत राहिलं.

कारण आमच्या घरातला पहिला कॉम्प्युटर आईचा होता. नावापुरता नव्हे, खरोखर तिचा. १९९८चा फेब्रुवारी. त्याच्या दीड वर्ष आधी वागळे इस्टेटमधली बाबांची कंपनी बंद पडली होती. तेव्हा तिथले भोंगे एकामागून एक गप्प होत होते, त्यामुळे शेजारीपाजारी कुणी फार हळहळलंही नाही. प्रत्येक मजल्यावर एखादा घरी बसलेला पुरुष होताच. बाबा विमा, चहा पावडर, काय काय करून बघत होते. आईने कुणाला न सांगता नौपाड्यातल्या एका क्लासात डीटीपीला, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर मांडायला शिकायला, नाव घातलं. वय सेहेचाळीस, आणि वर्गात सगळी माझ्या वयाची पोरं. घरी आली की पोळपाट उलटा ठेवून त्यावर बोटं आपटायची. मराठी टायपिंगची इनस्क्रिप्ट मांडणी, म्हणजे डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं. ‘क’ नेमका इंग्रजी ‘के’वर येतो तेवढी एक सोय, बाकी सगळं नव्याने पाठ करायचं. तिला सर्वांत आधी आलेला शब्द ‘आई’. शिफ्ट दाबून ठेवायचं, इंग्रजी ‘ई’च्या किल्लीवर ‘आ’ आणि तिच्या शेजारच्या ‘आर’वर ‘ई’. दोन बोटं शेजारीशेजारी पडतात. “बघ, आई किती सोपी आहे,” असं ती म्हणायची, आणि दर वेळी स्वतःच हसायची.

कॉम्प्युटर आणायला लॅमिंग्टन रोडला आम्ही तिघं गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टनच. ठाण्याहून दादर, पूल ओलांडून वेस्टर्नची स्लो, मग ग्रँट रोड. इंदिरा विकास पत्रं मोडून आणलेले पैसे बाबांच्या शर्टाच्या आतल्या खिशात आणि बाबांचा एक हात सतत त्या खिशावर, छातीत दुखत असल्यासारखा. फुटपाथवर वायरींची भेंडोळी, उघड्या खोक्यांतले पंखे, सोल्डरिंगच्या धुराचा वास. पहिल्या तीन दुकानांत आई नुसती बसून होती, बाबाच बोलत होते. चौथ्या दुकानात तिने कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावरची यादी पुढे केली. पेंटियम एमएमएक्स, ३२ एमबी रॅम, २.१ जीबीची हार्ड डिस्क, १४ इंची रंगीत मॉनिटर. येताना टॅक्सीने मुलुंड चेकनाका, तिथून रिक्षा. मॉनिटर माझ्या मांडीवर होता. त्या मॉनिटरचं मागचं पोट इतकं मोठं की मला समोरचं काही दिसत नव्हतं, आणि प्रत्येक खड्ड्याला आई “हळू हो भाऊ” म्हणत होती. मला वाटलं मला म्हणतेय.

चरईतल्या आमच्या तळमजल्याच्या दोन खोल्यांपैकी बाहेरची खोली त्या दिवसापासून कॉम्प्युटरची झाली. आईने जुन्या इरकलीचं कव्हर शिवलं. मॉनिटरला वेगळं, सीपीयूला वेगळं, प्रिंटरला वेगळं. मॉनिटरच्या कव्हरला मागे त्या पोटाच्या मापाची झोळी. दसऱ्याला की-बोर्डवर आपट्याची पानं आणि हळदकुंकू वाहिलं जायचं. त्यातलं कुंकू एकदा एंटरच्या खाली गेलं आणि ती किल्ली पुढचे सहा महिने जोर देऊन दाबावी लागे.

काम म्हणजे लग्नपत्रिका. मुंजी, वास्तुशांती, सोसायटीच्या नोटिसाही असत, पण पोट भरायचं ते लग्नपत्रिकांवर. तुळशीचं लग्न झालं की माणसं यायला लागत. हातात मजकुराचा चुरगळलेला कागद, चेहऱ्यावर मुलीच्या बापाची ती ठरलेली घाई. आमच्या येथे श्रीकृपेकरून. चि. आणि चि. सौ. कां. कुणाचा ज्येष्ठ सुपुत्र, कुणाची कनिष्ठ कन्या, कुणाची नात. खाली किलबिल, ‘माझ्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’. सगळ्यात शेवटी आपले नम्र, आणि त्यात कोणत्या काकांचं नाव आधी यावं यावरून आमच्या ओट्यावर भांडणं झालेली मी पाहिली आहेत. आई मध्ये पडायची नाही. ती फक्त शुद्धलेखनावर अडायची. दहातले सहा जण ‘आशीर्वाद’मधला रफार ‘श’वर चढवून आणायचे. ती दुरुस्त करायची, आणि त्यातले दोघं तरी पुन्हा येऊन म्हणायचे, ताई, आमच्याकडे असंच लिहितात. लेझर प्रिंटरमधून बटर पेपरवर निघालेली ती उलटी-सुलटी पानं बाबा स्कूटरवरून प्रेसला पोचवायचे. गरम टोनरचा वास आणि यूपीएसची टीं-टीं ह्यांच्यात मी बी.कॉम. झाले. मला त्या मशीनला हात लावायची परवानगी रविवारी चार ते पाच. धंद्याची वस्तू होती ना ती.

तेव्हा आम्हाला कुणी विचारलंच नाही की यूज काय आहे.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मशिनं बदलली, एक-दोनदा विंडोज बदललं, मग फोन आले आणि पत्रिका पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर फिरायला लागली. छापायच्या प्रती हजारावरून पन्नासवर, देवापुढे ठेवण्यापुरत्या. २०११च्या सुमारास आईने काम थांबवलं. म्हणजे थांबवलं असंही नाही. दोन महिने कुणी आलं नाही आणि तिसऱ्या महिन्यात तिने बाहेरच्या खोलीत दिवाण टाकला. बाबा गेल्यावर ती आमच्याकडे आली, येताना २.१ जीबीपासून पुढच्या पुढच्या हार्ड डिस्कवर उतरवत आणलेला डेटा बरोबर घेऊन. माझ्याकडे २०१४चा एक पीसी होता, त्यात तो विसावला. त्याला कुणी विचारत नव्हतं.

मग १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले. अकरा नंबरची विंडोज घ्यायची तर बोर्डावर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी आणि प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा. माझ्याकडचा चौथ्या पिढीतला, म्हणजे पणजोबाच. मुलगा पुण्याहून म्हणाला, “आई, विंडोजऐवजी लिनक्स टाक ना, मस्त चालेल.” मी म्हणाले, टाकायला तू ये. तो आला नाही. रिटर्न भरायचा, बँकेचे व्यवहार करायचे, आणि मशीनला नवे सुरक्षा अपडेट नाहीत, हे मला झोपताना आठवायचं. तरी मी लॅपटॉप का घेत नव्हते, हेही एक कोडंच. सगळे म्हणत होते की आता डेस्कटॉप कोण घेतं? मला टेबल हवं होतं. घरात एक जागा हवी होती जिथे बसलं की माणूस बसलेला दिसतो. फोनवर काम करणारा माणूस काम करताना दिसत नाही, लोळताना दिसतो, आणि मग त्याला कुणीही हाक मारतं.

हे दुकानात सांगता येण्यासारखं नव्हतं.

दर सांगताना त्या मुलाने रॅमबद्दल बरंच रडून घेतलं, आणि त्यात तो खोटं बोलत नव्हता. ए.आय.च्या डेटा सेंटरांना लागणारी महागडी मेमरी बनवण्याकडे कारखाने वळले आणि आपल्या घरगुती रॅमचा तुटवडा पडला. त्या दोन-तीन महिन्यांत भाव दुपटीच्या पुढे गेला होता. “मॅडम, दिवाळीत यायला हवं होतं,” तो म्हणाला. कांदे-बटाट्यांसारखंच झालं हे. शेवटी ठरलं ते असं: रायझन ५, ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटातच, त्यामुळे वेगळं कार्ड नको, १६ जीबी रॅम, हार्ड डिस्कच्या जागी ५१२ जीबीची एसएसडी, जी च्युइंगगमच्या पट्टीएवढी असते आणि बोर्डावर आडवी झोपते, २४ इंची मॉनिटर. ८ जीबीत भागेल का यावर मी घोळ घालत होते, तेव्हा मागून आईचा एवढाच आवाज आला, “सोळा घे.” मुलाने ते माझंच म्हणणं असल्यासारखं लिहून घेतलं. दिवे लागणारं कॅबिनेट नको म्हटल्यावर मात्र त्याचा चेहरा खरोखर पडला.

घरी आणला, जोडला, बटण दाबलं. पंखा फिरला, पुढचा छोटा दिवा लागला, मॉनिटर काळाच. दुकानात चालू करून दाखवलेला होता, त्यामुळे मला घाम फुटला. दुकानाचा फोन कुणी उचलेना. आई चष्मा लावून खाली बसली आणि ठामपणे म्हणाली, “रॅम हलली असणार. रिक्षात आपटला.” तिच्या काळात निम्मे आजार रॅम काढून खोडरबराने पुसून परत घातली की बरे व्हायचे. मी पाटाखालून मुलाचं शाळेतलं कंपास शोधून खोडरबर काढलं. बाजूचं झाकण उघडलं, प्लग काढला, दोघी जमिनीवर मांडी घालून. मी फोनचा टॉर्च धरला, तिने अंगठ्यांनी दोन्ही क्लिपा बाहेर ढकलल्या. रॅमची पट्टी मेंदी काढायच्या कोनासारखी दोन बोटांत धरली आणि सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवलं, एकाच दिशेने, मग फुंकर. परत बसवताना म्हणाली, “टक् आवाज आला पाहिजे. दोन्हीकडून.” दोन्हीकडून टक् झालं. मला वाटलं, आता त्या पोराला बोलवावं आणि दाखवावं, ही बघ तुझी बेसिक आजी.

बटण दाबलं. काळाच.

पुन्हा उघडलं, पुन्हा पुसलं. तासभर गेला. पोळ्यांची कणीक झाकून ठेवलेली सुकली. शेवटी पुण्याला मुलाला व्हिडिओ कॉल लावला. त्याने दहा सेकंद बघितलं आणि विचारलं, “मॉनिटरचा सोर्स काय आहे?” मॉनिटरच्या खाली, बोटाने चाचपल्याशिवाय कळू नये अशा जागी, एक कळ होती. मॉनिटर एका पोर्टवर वाट बघत होता, आम्ही केबल दुसऱ्याच पोर्टला लावली होती. रॅमचं काहीही झालं नव्हतं. आई उठली, हात झटकले, “आमच्या मॉनिटरला एकच वायर होती,” म्हणाली आणि कणकेला पाण्याचा हात लावायला आत गेली. ती चिडली होती. हरल्यावर ती भांडी जरा जोरात ठेवते.

मग विंडोजचे प्रश्न सुरू झाले. देश कोणता, की-बोर्ड कोणता, वायफाय कोणतं. खातं उघडा, पिन ठेवा, जन्मसाल सांगा. आणि मधेच एक पडदा असा आला की हा कॉम्प्युटर कशासाठी वापरणार त्यावर खूण करा: करमणूक, गेम, शाळा, कलाकाम, व्यवसाय, कुटुंब. म्हणजे दुकानातला प्रश्न इथवर पाठीमागे आला होता. आईचं बोट ‘व्यवसाय’जवळ गेलेलं मी पाहिलं. “हे काय विचारतोय?” मी म्हणाले, काही नाही, जाहिराती दाखवायला विचारतात, आणि स्किप दाबलं. दाबल्यावर वाटलं, एवढी घाई कशाला केली?

डेटा उतरवायला रविवार लागला. जुन्या मशीनमध्ये ‘जुनं’ नावाचा फोल्डर, त्यात ‘जुना पीसी’, त्यात ‘जुना जुना’, आणि त्याच्या तळाशी ‘मॅटर’. पेजमेकर, म्हणजे पानं मांडायचा तिचा जुना प्रोग्राम, त्याच्या फायली उघडतच नाहीत. पण मजकूर आधी वर्डमध्ये टाइप करून ठेवायची तिची सवय होती, त्या उघडल्या. आणि पडद्यावर आलं ते कोणत्याच भाषेतलं नव्हतं. डोक्यावर दोन टिंबं असलेली इंग्रजी अक्षरं, पौंडाच्या खुणा, कॉपीराइटचं वर्तुळ, मध्येच उलटं प्रश्नचिन्ह. तेव्हा सगळ्यांचंच असं होतं: इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले, काना एका घरात, अर्धा ‘श’ दुसऱ्या घरात, आणि श्रीलिपी म्हणा, आकृती म्हणा, प्रत्येकाची घरं वेगळी. तो फॉन्ट मशीनवर असेल तोवर मराठी, नसेल तर हे. युनिकोड नावाच्या जागतिक पद्धतीत आपल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो, ‘क’ला ०९१५, ‘ळ’ला ०९३३. आज फोनवर मराठी उमटते ती त्या क्रमांकांवर. पण आईची तेरा वर्षं त्या जुन्या फॉन्टांतच गेली.

मुलाने एक कन्व्हर्टर पाठवला, जुन्या फॉन्टमधलं युनिकोडमध्ये बदलणारा. त्यातून काढलं तर मराठी आलं खरं, पण ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षराला लागलेल्या आणि रफार एकेक घर पुढे सरकलेले. ‘आशीवार्द’. माणसं रफार एक घर अलीकडे लिहायची, मशीनने एक घर पलीकडे नेऊन ठेवला. आईला ते बघवेना. “ते बंद कर. मूळ दाखव.” मी परत तो पौंड-कॉपीराइटचा कचरा उघडला. ती पुढे झुकली. थोडा वेळ नुसती बघत राहिली, मग बोट पडद्याला न लावता म्हणाली, “हे श्रीकृपेकरून. हे चि. सौ. कां., हा टिंबवाला ए आहे ना, तो आपला अनुस्वार. ही ओळ लहान आहे, म्हणजे मुहूर्त. गोरज. आणि हे खाली चार ओळी सारख्या लांबीच्या, किलबिल.” फॉन्ट रुसला की पडद्यावर हेच यायचं, आणि मुलीचा बाप समोर खुर्चीत बसलेला असायचा, तेव्हा वाचायला शिकावंच लागलं, म्हणाली. सगळं तिला वाचता आलं नाही. नावं आली नाहीत. कुणाची पत्रिका ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तेव्हा मी विचारलं. इतके दिवस घोळवत होते. म्हटलं, आई, त्या दुकानात तो मुलगा बेसिक बेसिक करत होता तेव्हा तू बोलली का नाहीस? मीही वेड्यासारखी हो म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. “अगं, तो भाव सांगत होता. भाव सांगणाऱ्यापुढे आपल्याला कळतं असं दाखवू नये. कळणारं गिऱ्हाईक दिसलं की ते वरचं वरचं काढून दाखवतात. लॅमिंग्टन रोडला मी तीन दुकानं गप्प बसले होते, विसरलीस? तू हो म्हणालीस ते बरंच केलंस.”

मी आता तिच्या तेव्हाच्या वयाची आहे, पण ती खरं बोलत होती की माझी टोचणी काढत होती, ते मला ओळखता आलं नाही. तिने मला उठवलं आणि खुर्चीवर बसली. मराठी की-बोर्ड मी आधीच चालू करून ठेवला होता. तिने दोन्ही हात ठेवले, बोटं किंचित थरथरली, आणि चि. सौ. कां. असं उमटलं. पुढे काही लिहिलं नाही. अनुस्वार काकणभर मोठा करून पाहिला. “फॉन्ट बरा आहे.” मग उठून मॉनिटरच्या बाजूला गेली आणि वितेने मोजायला लागली, आडवा दोन विती आणि चार बोटं, उभा दीड. नंतर मागे हात फिरवला, वर, खाली, आणि परत वर.

“याला मागे काहीच नाही गं,” ती म्हणाली. “कव्हर अडकणार कशाला?”